भिंती बंद व्हायच्या आधी फायबरची वाट

प्रश्न : कांदिवली पूर्वेला आमचा 620 चौरस फुटांचा टू बीएचके आहे. इमारत 1987 सालची, सात मजली, आम्ही चौथ्यावर. घराचं काम काढलंय. लाद्या, सगळं वायरिंग, नव्या खिडक्या, हॉलला आणि पॅसेजला फॉल्स सीलिंग. सध्या फायबरची वायर गच्चीवरून लोंबत येते, हॉलच्या खिडकीतून आत शिरते आणि पडद्याच्या दांडीवरून टीव्हीपर्यंत जाते. मी आतल्या बेडरूममध्ये बसून ऑफिसचं काम करते, तिथे मीटिंग चालू असताना आवाज तुटतो. या वेळी वायर दिसू नये आणि घरभर नेट मिळावं, एवढंच हवंय. काँट्रॅक्टर म्हणतो, ‘मॅडम, हल्ली सगळं वायफायवर चालतं, वायर कशाला?’ इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘फायबरच भिंतीतून सगळ्या खोल्यांत फिरवून टाकू.’ दोघांपैकी कुणाचं ऐकू? सोमवारपासून भिंतींत झिऱ्या (पाइप गाडायच्या खाचा) मारायला सुरुवात आहे.
— एक वाचक, कांदिवली (पूर्व)

उत्तर : दोघांपैकी कुणाचंच पूर्ण ऐकू नका. फायबर घरभर फिरत नाही. काचेची ती तार घरातल्या एकाच डब्यापाशी येऊन थांबते. त्या डब्याला ओएनटी म्हणतात, कंपनीवाले नुसतं ‘मोडेम’ म्हणतात. तिथे प्रकाशाचा विजेच्या संदेशात बदल होतो आणि पुढचा प्रवास तांब्याच्या लॅन केबलने किंवा वायफायने होतो. त्यामुळे भिंती उघड्या असताना तीन गोष्टी ठरवायच्या : काच कुठून आत येणार, डबा कुठे बसणार आणि त्या डब्यापासून खोल्यांपर्यंत तांब्याची केबल कशी जाणार.

इलेक्ट्रिशियनचा बेत आधी बाजूला ठेवा. कंपनीचा माणूस शक्यतो आपलीच ड्रॉप केबल (इमारतीतल्या बॉक्सपासून घरापर्यंत येणारी फायबरची वायर) आणतो. तुम्ही आधी गाडून ठेवलेली केबल तो वापरेलच असं नाही, आणि वापरली तरी टोकाचा कनेक्टर जुळायला हवा. शिवाय भिंतीत गाडलेली काच उद्या सुताराच्या स्क्रूखाली आली, तर ती तिथल्या तिथे जोडता येत नाही. म्हणून भिंतीत केबल गाडायची नाही, रिकामा पाइप गाडायचा. कंपनी बदलली, केबल तुटली, उद्या आणखी कुठलं नवं तंत्र आलं, तरी त्याच पाइपातून जुनं ओढून काढायचं आणि नवं घालायचं.

आता काच आत कुठून आणायची ते बघू. सोमवारच्या आत एक चक्कर मारा : लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत केबलची डक्ट किंवा कंपनीचा छोटा प्लॅस्टिकचा बॉक्स आहे का, ते पाहा आणि सोसायटीच्या ऑफिसात विचारा. असेल तर मुख्य दाराच्या बाजूने आत येणं केव्हाही चांगलं. पाऊस लागत नाही आणि दुरुस्तीसाठी कुणाला बाहेरच्या भिंतीवर लटकावं लागत नाही. दाराच्या चौकटीच्या वर, साधारण साडेसात फुटांवर, बाहेरून आत 25 मिलिमीटरचे दोन पाइप टाका. दोन अशासाठी की कंपनी बदलताना जुनी केबल चालू ठेवून नवी ओढता येते. एकाच पाइपात जुनी केबल असताना दुसरी ढकलली की दोन्ही एकमेकींत अडकतात.

25 चाच पाइप का, यावर इलेक्ट्रिशियन हटकून वाद घालेल, कारण त्याच्याकडे 20 चा पाइप पडलेला असतो. त्याला एक प्रयोग करून दाखवायला सांगा. ड्रॉप केबल पुष्कळदा टोकाला कनेक्टर बसवूनच येते. तो हिरवा चौकोनी कनेक्टर 9 मिलिमीटर रुंद असतो आणि मागच्या रबरी शेपटीसकट जवळजवळ तुमच्या करंगळीएवढा लांब आणि ताठ. 20 च्या पाइपात आतली मोकळी जागा सोळा-सतरा मिलिमीटरच उरते. सरळ पाइपातून कनेक्टर मजेत जातो. काटकोनी एल्बो आला की तिथेच आडवा होऊन बसतो. मग माणूस जोर लावतो, आणि कनेक्टरच्या मुळाशी काच तुटते. बाहेरून काही दिसत नाही, डब्यावरचा लाल दिवा तेवढा लागतो. म्हणून पाइप 25 चा आणि वळणाला एल्बो नाही. एकतर लांब बेंड वापरा किंवा पाइपात स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. दोन टोकांच्या मध्ये काटकोनाची दोनच वळणं चालतील. तिसरं वळण आलंच तर तिथे जंक्शन बॉक्स हवा. त्याचं झाकण हाताला लागेल असं ठेवा. पीओपीखाली गाडलेला जंक्शन बॉक्स असून नसल्यासारखा.

लिफ्टच्या बाजूला काहीच सोय नसेल आणि गच्चीवरून खाली येणारी केबल हाच एक मार्ग असेल, तर खिडकीच्या शेजारच्या भिंतीत पाइप बसवून घ्या, आणि तो नवी स्लायडिंग खिडकी बसायच्या आधी. नाहीतर कनेक्शनवाला नव्याकोऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला भोक पाडेल किंवा खिडकी बोटभर उघडी ठेवून जाईल, आणि जुलैत पडदा भिजेल. नऊ इंची भिंतीत पाइप बाहेरच्या बाजूला 10 ते 12 मिलिमीटर उतरता हवा, बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला बेंड हवा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. केबल आत आल्यावर पाइपाचं तोंड बाहेरून सिलिकॉनने बंद करा. आतून मात्र बंद करू नका, चुकून पाणी शिरलंच तर लगेच कळलं पाहिजे. बाहेरच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. गळती कुठूनही झाली तरी बोट तुमच्या भोकाकडेच दाखवलं जाईल.

आता डब्याची जागा. सध्या तो टीव्हीपाशी आहे, कारण वायर तिथवर पोहोचली, एवढंच. तुमच्यासारख्या घरात योग्य जागा म्हणजे हॉल संपून पॅसेज सुरू होतो ती भिंत, साधारण साडेसहा फुटांवर. तिथून हॉल आणि दोन्ही बेडरूम जवळपास सारख्याच अंतरावर येतात. सुताराकडून 18 इंच उंच, 14 इंच रुंद आणि 5 इंच खोल असा लाकडी कप्पा करून घ्या. झाकण हवंच असेल तर जाळीचं किंवा फटींचं. विजेच्या एमसीबींच्या लोखंडी डीबी बॉक्समध्ये, आरशामागे, शू रॅकमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या पोटात डबा ठेवू नका. पत्रा आणि आरसा वायफाय अडवतात. बंद जागेत उष्णता कोंडते आणि मे महिन्यात डबा आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. आणखी एक, जे नकाशात दिसत नाही : बाथरूमच्या वर माळ्यात पाण्याची टाकी असेल तर डबा तिच्या आडोशाला नको. पाणी वायफाय गिळतं, आणि टाकी कधी ना कधी पाझरतेच.

कप्प्यात 6 अँपिअरचे तीन प्लग लागतील : ओएनटी, राउटर किंवा नेटचा स्विच (एका केबलचं नेट अनेक केबलींना वाटून देणारं यंत्र), आणि मिनी यूपीएस. त्यांचं बटण हॉलच्या बोर्डावर देऊ नका, बाहेर जाताना कुणीतरी ते बंद करतंच. मिनी यूपीएस घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. पुष्कळ डबे 12 व्होल्टचे असतात, पण अँपिअर 1 पासून 2 पर्यंत काहीही असू शकतं. यूपीएसचे अँपिअर त्याहून कमी नकोत. खऱ्या फायबरमध्ये इमारतीतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, तो नुसता प्रकाश वाटून देतो. त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी घरातल्या छोट्या यूपीएसवर नेट सहसा चालू राहतं. ‘फायबर’ म्हणून विकलेल्या काही जोडण्यांत मात्र काच गच्चीपर्यंतच येते. पुढे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून साधी लॅन केबल घरात उतरते. ती इमारतीच्या विजेबरोबर बंद पडते आणि पावसाळ्यात कडकडाट झाला की तांब्यातून झटका घरातल्या राउटरपर्यंत येऊ शकतो. म्हणून बुकिंग करताना सरळ विचारा : घरातल्या डब्यापर्यंत काच येणार की तांबं?

काँट्रॅक्टरच्या ‘वायफाय आहे ना’चं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुमचा आवाज तुटतो तो बाहेरच्या नेटमुळे असेलच असं नाही. हॉलमधला डबा आणि आतली बेडरूम यांच्यामध्ये दोन भिंती, कदाचित एखादा आरसीसी कॉलम आणि लोखंडी कपाट येत असेल. वेगवान 5 गिगाहर्ट्झचं वायफाय अशा ठिकाणी दमतं. पॅक 300 चा असो वा 500 चा, भिंत तीच राहते. काम करायच्या टेबलापाशी केबल पोहोचली की हा प्रश्न संपतो. तिथेच दुसरं वायफायचं यंत्र केबलला जोडून ठेवलं की त्या खोलीचा फोनही सुधारतो. नुसतं हवेतून हवेत सिग्नल पुढे ढकलणारं मेश यंत्र घेतलं तर ते आधीच दमलेला सिग्नल पुढे ढकलतं.

पाइप कसे न्यायचे? तुमच्याकडे फॉल्स सीलिंग होतंय, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. आडवा प्रवास सगळा सीलिंगच्या वरून, आणि भिंतीत फक्त उभ्या झिऱ्या. 1987 च्या इमारतीत आतल्या भिंती साडेचार इंची विटांच्या असण्याची शक्यता जास्त. अशा भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे जेमतेम 38 मिलिमीटर खोल नेता येते; 25 चा पाइप त्यात बसतो. आडव्या झिरीला मर्यादा एक षष्ठांश, म्हणजे 19 मिलिमीटरच, आणि त्यात 25 चा पाइप बसूच शकत नाही. म्हणूनच आडवी झिरी मारू देऊ नका, वेळ वाचतो म्हणून कारागीर तीच मारायला बघतो. बीम आणि कॉलमला तर हातही लावू द्यायचा नाही. पाइप बसवून सिमेंट भरल्यावर झिरीवर जाळी ठोकून मग गिलावा करा, नाहीतर रंग लागून सहा महिने होतात न होतात तोच पाइपाच्या रेषेत उभी चीर दिसायला लागते. (नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी : तुमच्या भिंती मायव्हॅन पद्धतीच्या, म्हणजे आख्ख्या काँक्रीटच्या असतील तर झिरी हा विषयच विसरा. बिल्डरने सोडलेले पाइप शोधा, नाहीतर छताच्या कडेने पट्टी चालवा.)

विजेच्या पाइपात लॅन केबल घालू देऊ नका. ‘मॅडम, काही होत नाही’ हे उत्तर येईल, तरीही नको. व्यत्यय हा नंतरचा भाग. आत आवरण सोललं गेलं तर 230 व्होल्ट थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू शकतात. दोन्ही पाइप शेजारून जात असतील तर सहा इंचांचं अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

मापाचा हिशोब तुमच्या घरापुरता असा बसेल. दारापासून कप्प्यापर्यंत सात-सात मीटरचे दोन पाइप. कप्प्यापासून टीव्हीपर्यंत 8 मीटर, तुमच्या कामाच्या टेबलापर्यंत 10 मीटर, दुसऱ्या बेडरूमपर्यंत 11, दाराच्या कॅमेऱ्यापर्यंत 4. टीव्ही आणि टेबल इथे दोन-दोन केबल, म्हणून पाइप 25 चा; बाकीच्या दोन ठिकाणी एकेक केबल, 20 चा पुरे. पाइप तीन मीटरच्या लांबीत मिळतो, तेव्हा 25 चे 12 नग आणि 20 चे 5 नग घ्या, मध्यम किंवा जाड दर्जाचे. पातळ पाइप झिरीत ठोकताना चेपतो आणि ते गिलाव्यानंतर कळतं. केबल एकूण सहा. त्यांची लांबी 51 मीटर आणि प्रत्येक केबलमागे दोन मीटर जादा धरले की 63 होते. 70 मीटर आणा. 305 मीटरचं अख्खं खोकं घ्यायची गरज नाही, लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळते.

केबल कॅट सिक्स घ्या, त्याहून महागडी नको. 55 मीटरच्या आत ती 10 गिगाबिटदेखील पेलते आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये 55 मीटर कुठून आणणार! फक्त तांबं अस्सल हवं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल त्याच नावाने विकली जाते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली की परत करा. अशी तार जोडताना मोडते, आणि गाडलेल्या पाइपात ती वर्षभराने मोडली तर कुणाला बोलावणार?

झिऱ्या भरायच्या आधी प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बॉक्समध्ये बांधून ठेवा. बॉक्सच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून टेप लावा. एवढंसं काम, पण ते राहिलं की गवंडी गिलावा करताना अर्धी थापी सिमेंट पाइपात पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दगड होतो. गिलावा सुकला की दोरी दोन्ही बाजूंनी हलवून बघा. हलली नाही तर तेव्हाच फोडा, पुट्टीनंतर नको. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, आणि फोटोत मापाची टेप दिसू द्या : लादीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे तसबीर टांगायला येणाऱ्या माणसाला आधी हे फोटो दाखवायचे.

केबल ओढायची ती पुट्टीचा पहिला हात झाल्यावर आणि रंगाच्या शेवटच्या हाताआधी. कप्प्याकडे दीड मीटर आणि खोलीकडे अर्धा मीटर केबल शिल्लक ठेवा, दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. टोकं बसवताना दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू देऊ नका. मग लॅपटॉप लावून कनेक्शनचा वेग बघा, 1 गिगाबिट दिसायला हवा. दिवे लुकलुकणारा टेस्टर ‘सगळं बरोबर’ म्हणाला तरी एवढ्यावर थांबू नका.

पुढे कधी स्पीड टेस्टला आकडा 94-95 वर अडकून बसला, पॅक कितीही मोठा घेतला तरी, तर कंपनीशी भांडायच्या आधी ही खूण लक्षात घ्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की यंत्रं गुपचूप दोनच जोड्यांवर, 100 मेगाबिटवर येतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. बहुतेक वेळा दोष भिंतीतल्या टोकाशी असतो, ते कापून पुन्हा बसवलं की सुटतो. दुसरं कारण खुद्द डबा : काही ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो. तुमच्या सहा केबलसाठी आठ पोर्टचा गिगाबिट स्विच लागेलच, तो त्याच पोर्टला जोडा.

काम चालू असताना जुन्या कनेक्शनचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण नुकसान तिथेच होतं. तोडफोड सुरू होण्याआधी कंपनीच्या माणसाला बोलावून केबल घराबाहेर काढून घ्या. छोट्या ताटलीएवढं वेटोळं करायचं, त्याहून लहान नाही. कनेक्टरवर टोपी, वरून प्लॅस्टिकची पिशवी. मजुरांच्या भरवशावर सोडलीत तर ती कापलेली मिळेल. नवं कनेक्शन किंवा जागाबदल सुताराचं घासकाम पूर्ण संपल्यावरच बुक करा. लाकडाचा भुसा हिरव्या कनेक्टरच्या तोंडात गेला की प्रकाश अडतो.

कंपनीचा माणूस आला की त्याच्याकडून मीटरवर दोन आकडे मागा : इमारतीतल्या बॉक्सपाशी किती डीबीएम आणि तुमच्या डब्यापाशी किती. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. डब्यापाशी उणे 15 ते उणे 24 असेल तर उत्तम. नेहमीचे डबे उणे 27 च्या आसपास हात टेकतात. त्याहून महत्त्वाचा दोन आकड्यांमधला फरक. तीस-चाळीस मीटर काचेत वाया जाणारा प्रकाश नगण्य असतो, जोडांमधला तोटा धरला तरी फरक 1 डीबीच्या आत यायला हवा. बाहेर उणे 19 आणि आत उणे 23 दिसत असेल तर चार डीबी, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश, वाटेत सांडला. कारण तीनच असतात : केबल कुठेतरी करकचून वळली किंवा क्लिपखाली चिणली, कनेक्टर मळका राहिला, नाहीतर हिरव्या कनेक्टरला निळा जोडला. हिरव्याचं तोंड 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. ते एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते. त्याच भेटीत हे दुरुस्त करून घ्या, ‘नेट चालू आहे ना’ यावर सही करू नका. जोडकाम झालं की तो बसला होता तिथली लादी चिकटपट्टीने टिपून घ्या. केसाएवढे काचेचे तुकडे झाडूने निघत नाहीत, अनवाणी पायात मात्र नेमके शिरतात. आणि उघड्या कनेक्टरच्या तोंडात डोळा लावून ‘उजेड येतोय का’ बघायचं नाही, मुलांना तर नाहीच. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.